जुनं दगडी टॉकीज दुरुस्त करून तिथे नाटकं करता येतील का? खर्च किती येईल?

येतील. पण आधी एक ठरवून टाका: त्या भिंतींना कुणालाही सिमेंटचा गिलावा करू द्यायचा नाही.

तुमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, भिंती काळ्या दगडाच्या, म्हणून लिहितोय. आमचंही टॉकीज असंच. थोरल्या काकांच्या मालकीचं, वडील ऑपरेटर. सिनेमा दाखवायची मशीन कार्बनची, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेचा झोत पेटवून उजेड पाडणारी. त्या कांड्यांमधलं अंतर सतत राखावं लागायचं. वीसेक मिनिटांत रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमके. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, मागोमाग येणाऱ्या दुसऱ्या ठिपक्याला चित्र तिच्यावर. कांड्यांची तांब्याचा मुलामा असलेली थोटकं वडील मला द्यायचे. त्यांनी मी ओट्यावर रेघोट्या मारायचो.

३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. टॉकीज तगलं, पण मशीनरूमखालच्या कोपऱ्याला हात जाईल एवढी भेग पडली. वडील म्हणाले, कोपरा उतरवू, भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड घालून चुन्यात परत बांधू. काका म्हणाले, "सिमेंट मार अन् मोकळा हो." तेच झालं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा खार, लागला आणि परातीएवढे पोपडे खाली आले. जुन्या भिंतीतली ओल चुन्यातून निघून जाते, सिमेंट तिला कोंडून ठेवतं. चुलतभाऊ अजून लग्नाकार्यात सांगतो, "तुझ्या वडलांच्या हट्टापायी टॉकीज गेलं." अरे, तो हट्ट कुणी चालू दिला असता तर ते आज उभं असतं!

भेग बुजवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांपासून सुटतात, त्यांना आरपार जोडदगडच धरून ठेवतो. चुना नीट मुरवा, सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, घाला. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधावा लागेल, शोधा.

नाटकाचं म्हणाल तर टॉकीजचा पडदा मागच्या भिंतीलगत असतो. विंगा नाहीत, रंगमंचाला आत खोलवर जागा नाही. पुढच्या रांगा काढून रंगमंच पुढे घ्यावा लागेल.

सिमेंट कुठेच नको असं नाही. दारं-खिडक्यांच्या वरून चौफेर सळईचा काँक्रीट पट्टा भूकंपासाठी लागतोच, आणि तो इंजिनिअरला विचारूनच घाला. खर्चाचा आकडा भिंत उघडून पाहिल्याशिवाय कुणी देत असेल तर त्याला काम देऊ नका.

आणि मशीनरूममध्ये जुनी मशीन असली तर भंगारात घालू नका. आमची किलोच्या भावाने गेली. काट्यावर चढवताना वडील तिथेच उभे होते.