बोटीतल्या एसीला बर्फ का धरतो?

प्रश्न : काका, नमस्कार. तुमचं सदर आमच्याकडे आधी आई वाचते, मग मी. माझे मेहुणे पणजीजवळ मांडवी नदीत एक छोटी केबिनवाली मोटरबोट ठेवतात, घरच्यांसाठी आणि अधूनमधून पाहुण्यांसाठी. केबिनमध्ये झोपायच्या बंकखाली एक टनाचा एसी आहे, बाहेरचं पाणी पंपाने आत घेऊन थंड होणारा. मार्चपासून त्याला बर्फ धरतोय. दिवसा चांगला चालतो. रात्री दोन-अडीचला हवा यायची कमी होते, केबिन तापते, आणि फळी उचलून बघावं तर कॉइल पांढरीफटक. सकाळी बंद केला की बर्फ वितळतो आणि फळ्यांखाली पाणी साचतं. एका मेकॅनिकने गॅस कमी आहे म्हणून भरला. बर्फ तसाच, वर आता भर दुपारी एसी ‘हाय प्रेशर’ दाखवून बंद पडतो. दुसऱ्याने पाण्याच्या पंपाची जाळी साफ केली, तरी फरक नाही. तिसरा म्हणतो कॉम्प्रेसर बदला. फिल्टर धुतलेला आहे, सेटिंग १६ वर असतं, गॅस आर-४१०ए. सोबत तीन फोटो पाठवतोय. मेहुणे म्हणतात, तुमच्या बडोद्याच्या काकांना विचारा, मगच खर्चाचं बघू.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : मेहुण्यांना म्हणावं, पाकीट खिशातच राहू द्या. कॉम्प्रेसरला काही झालेलं दिसत नाही. ज्या कॉम्प्रेसरने कॉइलवर बर्फ धरवला तो कमजोर कसा म्हणायचा? तो त्याचं काम जरा जास्तच करतोय.

बडोद्यात बसून हा माणूस बोटीबद्दल काय सांगणार, असं कुणाच्या मनात येईल. आमच्याकडे पाणी म्हणजे सूरसागर, बरोबर आहे. पण माझा जन्म गेला डेअरीच्या थंड खोल्या सांभाळण्यात. तिथे कॉइलला बर्फ धरणं रोजचंच, म्हणून तिथे ठरावीक वेळेला डीफ्रॉस्ट, म्हणजे बर्फ वितळवणं, लावलेलं असतं. एसीच्या कॉइलला मात्र बर्फ धरायलाच नको. ती साधारण ४ ते ७ अंशांवर राहील, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन खाली ट्रेमध्ये टपकेल, असा त्याचा हिशेब असतो. कॉइल शून्याखाली गेली की तेच पाणी जागेवर गोठतं. थोडा बर्फ झाला की हवेची वाट अडते, हवा अडली की कॉइल आणखी गार होते, आणि तासा-दोन तासांत पांढरी भिंत उभी. बोटीतला असो की अलकापुरीतल्या फ्लॅटमधला, यात काही फरक नाही.

आता कॉइल शून्याखाली का जाते? एक तर तिच्यावरून पुरेशी हवा जात नाही, म्हणजे तिला उष्णता मिळत नाही. नाहीतर तिच्यात पुरेसा गॅस पोचत नाही, लीकमुळे किंवा कॅपिलरीत, म्हणजे कॉइलला गॅस पोचवणाऱ्या बारीक नळीत, कचरा अडकल्यामुळे. आणि मेकॅनिक फसतात ते इथेच. हवा कमी असली तरी सक्शनचं, म्हणजे कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या नळीतलं, प्रेशर पडतं, गॅस कमी असला तरी पडतं. आर-४१०ए शून्य अंशाला साधारण १०० पीएसआय दाखवतो, कॉइल ठीक असेल तर गेज १२०च्या आसपास हवा. त्या गृहस्थांनी गेज लावला, नव्वद की काय दिसलं असेल, म्हणाले गॅस कमी, आणि ओतला. बर्फाने बंद झालेल्या कॉइलवर गेज लावला तर दुसरं काय दिसणार? आता गॅस जास्त झालाय. म्हणून दुपारी, बाहेरचं पाणी आणि केबिन दोन्ही तापलेलं असताना, प्रेशर वर चढतं आणि स्विच मशीन बंद करतो. हे तुमचं दुसरं दुखणं पहिल्याच्या औषधाने झालेलं आहे.

पंपाच्या जाळीबद्दलही बोलून टाकतो. ती साफ ठेवायलाच हवी, मांडवीच्या गाळात तर आठवड्याला बघावी. पण ती बर्फाचं कारण नाही. गॅस आपली उष्णता जिथे सोडतो तो कंडेन्सर, आणि बाहेरचं पाणी ती उष्णता उचलून नेतं. ते कमी पडलं तर प्रेशर वाढून एसी ट्रिप होईल, बर्फ धरणार नाही. उलट पाणी फार गार असेल तर बर्फाची शक्यता वाढते. पण ती गोष्ट थंड देशातल्या बोटींची, गोव्याचं पाणी कुठलं एवढं गार. दुपारच्या ट्रिपिंगसाठी मात्र बोटीच्या कडेतून बाहेर पडणारी पाण्याची धार जरूर बघा. ती भरघोस असूनही ट्रिप होत असेल तर गॅस जास्तच आहे असं समजा.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोकडे येतो. तुम्ही तो कॉइल दाखवायला काढलात, माझी नजर गेली डाव्या कोपऱ्यात. बंकच्या उभ्या फळीत हवा आत ओढायची लाकडी जाळी आहे आणि तिच्यापुढे नारिंगी लाइफ जॅकेटांची थप्पी लावलेली आहे, वरून एक टॉवेलही लोंबतोय. पाहुणे दिवसा जॅकेट अंगात घालतात, तेव्हा जाळी मोकळी. रात्री काढून कुठे ठेवणार? जिथे जागा दिसेल तिथे. ब्लोअरचं नाक दाबलं गेलं. तुमचा एसी दिवसा शहाणा आणि रात्री बिघडलेला का, याचं अर्धं उत्तर त्या थप्पीत आहे.

उरलेलं अर्धं १६ मध्ये. रात्री ऊन नाही, केबिन लहान, एवढ्याशा खोलीत एक टन म्हणजे भरपूर. तरी १६ कधी गाठलं जात नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबतच नाही. त्यात पाहुण्यांना आवाज नको म्हणून पंखा हळू ठेवतात. हळू पंखा, न थांबणारा कॉम्प्रेसर, वर कुणीतरी हॅच (छतातली झडप) उघडी ठेवून डेकवर गप्पा मारतंय, म्हणजे समुद्राची दमट हवा आत येतेय. याहून चांगली बर्फाची फॅक्टरी मलाही काढता आली नसती. सेटिंग २४ किंवा २५ वर, पंखा निदान मध्यम, हॅच आणि दार बंद. गार वाटत नाही अशी तक्रार आली तर सांगा, ओलावा गेला की २५ही गारच लागतं.

तिसऱ्या फोटोत गार हवा सोडणारं ग्रिल दिसतंय. ते जाळीच्या बरोब्बर वर आहे आणि त्याच्या पट्ट्या खाली वळवलेल्या आहेत. तीच गार हवा जाळीतून परत आत ओढली जातेय, केबिनला तिचा पत्ताच नाही. पट्ट्या वर, छताच्या दिशेने वळवा. याला पाना-पकड काही लागत नाही.

फिल्टर धुतला म्हणता, ठीक. पण फिल्टर काढून मागे टॉर्च मारा. कॉइलच्या पात्यांवर चादरींचा रोवा आणि खारट ओलावा यांचा मिळून जाड थर बसतो. तो मऊ ब्रशने वरून खाली, पात्यांच्या दिशेनेच काढायचा. आडवा ब्रश फिरवलात तर पाती वाकतील आणि हवेची वाट तुम्हीच बंद कराल. ब्लोअरच्या चाकात बोट घालून बघा (वीज बंद करून, हे सांगावं लागतं), प्रत्येक पात्याच्या पोकळीत मळ भरलेला असेल तर मोटर फिरते पण हवा ढकलत नाही. फिरकी मंद वाटली तर मोटरला जोर देणारा कॅपॅसिटर तपासून घ्या, स्वस्त वस्तू आहे. डक्टची लवचीक नळी कप्प्यांमागून जाते, तिच्यावर कुणी नांगराची दोरी किंवा डबे टाकून ती चेपवली आहे का तेही बघा. एक टनाला साधारण सहा इंची डक्ट असते. चेपून ती तीन-चार इंच उरली तर बाकी सगळं नवं आणूनही उपयोग नाही.

एवढं झालं की बर्फ पूर्ण वितळवा. कूलिंग बंद, नुसता पंखा जोरात. मशीनला हीटिंग असेल तर ते लावा, केस वाळवायचा ड्रायर धरलात तरी चालेल, पाण्यापासून सांभाळून. सुरी, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, कॉइलला भोक पडलं की खरोखर गॅस भरायची पाळी येईल. आणि बर्फ धरलेला दिसत असताना ‘रात्रभर चालू दे, सकाळी बघू’ करू नका. कॉइलमध्ये न उकळलेला द्रव गॅस तसाच कॉम्प्रेसरकडे येतो, आणि मग तो तिसरा मेकॅनिक खरा ठरेल.

मग कोरड्या कॉइलवर मशीन सुरू करून फळी उघडी ठेवून बसा. वीसेक मिनिटं झाली की जाळीपाशी आणि ग्रिलपाशी थर्मामीटर धरा. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर उत्तम. फरक त्याहून बराच जास्त आणि हवा मरतुकडी, तर हवेचीच अडचण अजून आहे. फरक कमी, हवा जोरात, आणि कॅपिलरी जिथे कॉइलमध्ये शिरते तिथेच तेवढा बर्फाचा पट्टा, बाकी कॉइल कोरडी आणि कोमट, तर ती गॅस कमी असल्याची किंवा कॅपिलरी चोंदल्याची खूण. तुमच्या पहिल्या फोटोत बर्फ वरपासून खालपर्यंत सारखा पसरलेला आहे, सक्शनच्या नळीवरही. म्हणून मी हवेवर बोट ठेवलं.

गॅसचं काम मात्र करून घ्यावंच लागेल, भरायचं नाही, बरोबर करायचं. असलेला सगळा मशीनने काढून सिलिंडरमध्ये घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. व्हॅक्यूम करायचं, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढायचा, आणि एसीच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम छापलेत तेवढे वजनकाट्यावर मोजून, द्रव रूपातच भरायचे. आर-४१०ए दोन वायूंचं मिश्रण आहे, वाफेच्या रूपात भरला तर त्यांचं प्रमाण बिघडू शकतं, म्हणून द्रव. वजनकाटा न आणणारा मेकॅनिक आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि एक गोष्ट, बर्फापेक्षा मोठी. ते फळ्यांखाली साचणारं पाणी. ट्रेची ड्रेन नळी कुठे सोडली आहे ते शोधा. ती इंजिनच्या किंवा जनरेटरच्या कप्प्यात उघडी असेल, किंवा धूर बाहेर पडतो तिथून जवळ असेल, तर धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड त्याच नळीतून वर येऊन एसीच्या वाऱ्याबरोबर झोपलेल्यांच्या केबिनमध्ये जाऊ शकतो. त्याला वास नसतो. नळी तिथून हलवा, तिला पाण्याचा ट्रॅप (पाणी अडून राहील आणि हवा वर येणार नाही असा बाक) द्या आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. बाकीचं काम पुढच्या आठवड्यावर टाकलंत तरी चालेल, हे नाही.

प्रश्न : मी इंदूरला घरीच चॉकलेट करते. ती ठेवायच्या खोलीत स्प्लिट एसी रात्रभर चालतो. उन्हाळ्यात काही त्रास नाही, डिसेंबर-जानेवारीत मात्र बर्फ धरतो. हवा, फिल्टर, गॅस सगळं तपासून झालं.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, वर गार पाण्याच्या बोटींबद्दल लिहिलं ना, तो प्रकार तुमच्याकडे आहे. इंदूरला थंडीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. बाहेरचं युनिट इतक्या गार हवेत राहिलं की कंडेन्सरचं प्रेशर पडतं, कॅपिलरीतून गॅस ढकलायला जोर उरत नाही, आणि कॉइल शून्याखाली जाते. मशीन चांगलं आहे, फक्त ते उन्हाळ्यासाठी बनवलेलं आहे. बाहेरचा पंखा प्रेशरप्रमाणे चालू-बंद करणारा कंट्रोल बसवता येतो. पण दोन महिन्यांसाठी मी तो खर्च करणार नाही. चॉकलेटला १६ ते १८ अंश लागतात, तेवढी गार हवा तुमच्या खिडकीबाहेर फुकट आहे. खिडकीला बारीक जाळी आणि फिल्टर लावा, समोरच्या भिंतीत छोटा एक्झॉस्ट पंखा बसवून तो थर्मोस्टॅटवर जोडा आणि रात्री एसी बंद ठेवा. मावठ्याचा पाऊस पडला त्या रात्री तेवढी खिडकी लावून घ्या, ओलावा लागला की चॉकलेटवर साखरेची पांढरी बुरशीसारखी झाक येते.