टन कोणाच्या खात्यात?

ब्राझीलमधल्या बेलेम शहरात नोव्हेंबर २०२५ मध्ये हवामान परिषद झाली. तेव्हापासून वाचकांची पत्रे येत आहेत. त्यातली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : दोनशेच्या आसपास देश दरवर्षी जमतात, रात्र-रात्र भांडतात. मतदान घेऊन मोकळे का होत नाहीत? (शिक्षिका, सातारा)

बाई, मतदान कसे घ्यायचे याचा नियमच मंजूर नाही! १९९५ मध्ये बर्लिनला पहिली परिषद भरली. तिच्यासमोर कामकाजाच्या नियमांचा मसुदा आला, त्यातला बेचाळिसावा नियम मतदानाचा होता. बहुमत किती धरायचे यावर जुळले नाही. तेलवाल्या देशांना तर बहुमताची कल्पनाच मान्य नव्हती. तेव्हापासून तो एक नियम वगळून बाकीचा मसुदा नुसता 'लागू' केला जातो. मंजुरी आजही बाकी आहे.

म्हणून सगळे एकमताने. आणि एकमत म्हणजे काय, तर अध्यक्षांनी हातोडा आपटला तेव्हा हरकत दिसली नाही. दिसली नाही की पाहिली नाही, हा वेगळा मुद्दा. २०१२ मध्ये दोह्याला रशियाला हरकत घ्यायची होती, पण परिषदेच्या कतारी अध्यक्षांनी ठराव एकामागून एक मंजूर करून टाकले. रशियाने राग धरून ठेवला. पुढच्या जूनमध्ये बॉनच्या बैठकीत विषयपत्रिकेवरच अडून बसून त्यांनी एका समितीचे दोन आठवडे वाया घालवले.

कधी मसुदा उघडून बघा. न पटलेला प्रत्येक शब्द चौकटी कंसात असतो, आणि कंस काढणे हेच वाटाघाटींचे काम. २०१५ मध्ये पॅरिसला सगळे कंस निघाले, आणि शेवटच्या तासांत एक शब्द आडवा आला. श्रीमंत देशांच्या उत्सर्जन-कपातीच्या कलमात 'शूड'च्या जागी 'शॅल' पडले होते. म्हणजे 'करावे' ऐवजी 'करायलाच हवे'. तेवढ्याने करार अमेरिकी सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो टिकला नसता. सचिवालयाने 'दुरुस्त्या' म्हणून स्वल्पविरामांसारख्या बारीकसारीक गोष्टींच्या रांगेत तोही शब्द वाचून टाकला. हातोडा पडला. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत इतिवृत्त असेच मंजूर होते.

प्रश्न : भारताने २०३० पर्यंत उत्सर्जन ४५ टक्के कमी करायचे कबूल केले आहे. मग नवी औष्णिक केंद्रे कशी? (निवृत्त अभियंता, नागपूर)

उत्सर्जन नव्हे, उत्सर्जनाची तीव्रता. म्हणजे सकल उत्पादनाच्या दर रुपयामागे निघणारा वायू, तोही २००५ च्या तुलनेत. अर्थव्यवस्था वेगाने वाढली तर एकूण वायू वाढूनही हे वचन पाळले जाते. यात लबाडी नाही, २०२२ मध्ये भारताने दिलेल्या वचनाच्या कागदावर तसेच स्पष्ट लिहिले आहे. बातम्यांचे मथळे तो एक शब्द गाळतात.

प्रश्न : धुळ्याच्या पवनचक्क्यांना पूर्वी परदेशातून कार्बनचे पैसे मिळत, असे ऐकले. ते बंद का पडले? (विद्यार्थी, शिरपूर)

ती क्योटो करारातली, म्हणजे पॅरिसच्या आधीच्या हवामान करारातली, स्वच्छ विकास यंत्रणा (सीडीएम). श्रीमंत देशाला घरी एक टन कार्बन डायऑक्साइडची कपात महाग पडते. ती इथे स्वस्तात करवून घ्यायची आणि टन स्वतःच्या खात्यात लिहायचा. एक क्रेडिट म्हणजे एक टन.

कळीचा प्रश्न एकच : हे पैसे नसते तर चक्की उभी राहिली नसती का? इथेच गोम आहे. त्या काळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळे, म्हणजे किमतीचा तेवढा भाग करपात्र नफ्यातून वजा करता येई. करबचतीसाठीच कितीतरी उद्योगांनी चक्क्या घेतल्या. त्यातल्या कोणत्या चक्कीला क्रेडिटचा खरा आधार होता, हे सिद्ध करणे म्हणजे न घडलेल्या गोष्टीचा पुरावा देणे.

पण मोठी बदनामी वाऱ्याने नव्हे, फ्रीजच्या वायूने केली. तो तयार होताना एचएफसी-२३ नावाचा वायू जोडीला निघतो. त्याचा एक टन तेव्हाच्या हिशेबात ११,७०० टन कार्बन डायऑक्साइडइतका. तो जाळायला खर्च किरकोळ आणि क्रेडिट मात्र ११,७००! मग जाळायला मिळावा म्हणूनच काही कारखाने जास्त माल काढतात, असा आरोप झाला. मे २०१३ पासून युरोपने ही क्रेडिटे आपल्या बाजारात बंद केली. त्याआधीच मंदी आणि क्रेडिटांचा महापूर यांमुळे भाव कोसळला होता : २००८ मध्ये वीस युरोच्या आसपास, २०१२ संपताना एका युरोच्याही खाली. गंमत म्हणजे २०१६ मध्ये भारत सरकारने तोच वायू कारखानदारांनी स्वखर्चाने जाळावा असा आदेश काढला. म्हणजे हे आधीही करता आले असते.

प्रश्न : देवगडला आमची चाळीस वर्षांची हापूसची बाग आहे. एजंट म्हणतो, नोंदणीचे पैसे भरा, झाडांचे कार्बन क्रेडिट विकून देतो. भरू का? (बागायतदार)

भरू नका. जुनी बाग तशीही उभी आहे, तुम्हाला पैसे मिळोत न मिळोत. वर सांगितलेली कसोटी तुमच्या कलमांनाही लागू. पडीक कातळावर नवी लागवड करणार असाल तर गोष्ट वेगळी.

तरीही आधी विचारा : झाड किती वर्षे तोडायचे नाही? असे करार दशकांचे असतात. खोडाचा घेर कोण मोजणार, मोजणीचा खर्च कोणाच्या वाट्यातून? २०२१ च्या तौक्तेसारखे वादळ आले आणि झाडे आडवी झाली तर? चांगल्या योजनेत यासाठी काही क्रेडिटे राखीव ठेवतात, ती किती ते कागदावर हवे. पॅरिस कराराखाली क्रेडिट दुसऱ्या देशाला विकले, तर तो टन भारताला आपल्या खात्यातून वजा करावा लागतो. तशा विक्रीला सरकारची परवानगी लागते, एजंटचा शब्द पुरत नाही.

आणि सातबाऱ्यावर बहिणींची नावे असतील तर त्यांच्याही सह्या लागतील. एजंट हे बहुधा शेवटी सांगतो.