कापडी पिशवीतला काढा

"मॅडम, केमो चालू असताना काढा घेतला तर चालतो का?" हा प्रश्न मला सतत येतो, तोही दार लोटून घेतल्यावर, हळू आवाजात. पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं: "डॉक्टरांना सांगू नका हं, ओरडतील."

सुमनताई (नाव बदललंय) खानदेशातल्या. वय 46, स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू. चौथ्या आठवड्यात रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारं द्रव्य, वाढलेलं निघालं, डोस पुढे ढकलला. पुढच्या आठवड्यात ते आणखी चढलं. काविळीच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, कारण सापडेना. त्या काळात त्या दोनदा माझ्यासमोर बसल्या होत्या आणि दोन्ही वेळा मी विचारलं होतं, "बाकी कुठलं औषध घेत नाही ना?" असं विचारल्यावर कोण "घेते" म्हणेल? तो 'ना' माझा होता. त्याची रुखरुख अजून आहे.

तिसऱ्या भेटीत म्हटलं, "घरच्यांनी मायेनं काय काय आणून दिलंय, ते सांगा बरं." त्यांचे डोळे भरून आले. कापडी पिशवीतून बाटली निघाली. नणंदेनं आणलेला गुळवेलीचा काढा, दोन वेळा अर्धा अर्धा कप. शिवाय हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, त्यात मिरीचा अर्क. "वन्सं इतक्या लांबून आणतात, नाही कसं म्हणू? आणि झाडपाल्यानं काय अपाय होणार?"

मी सांगितलं, सलाइनमधून तुम्हाला देतात ते औषधही मुळात झाडाचंच. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीत ते सापडलं. 1971 मध्ये त्याची रासायनिक रचना मांडणाऱ्या शास्त्रज्ञांत मनसुख वाणी होते, जन्म नंदुरबारचा. "आपल्याकडचे?" त्या एकदम सावरून बसल्या. मग पुढचं बोलणं सोपं झालं. गाठीशी लढण्याची ताकद झाडात असेल, तर यकृताला दुखावण्याचीही असू शकते. पॅक्लिटॅक्सेल यकृतातच मोडलं जातं, म्हणून यकृत बिघडलं की केमो थांबते. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. त्यावर वादही झाला. सुमनताईंना पुढे टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी सुरू व्हायची होती. हळदीचा अर्क मिरीसोबत घेतला, तर त्या गोळीपासून शरीरात तयार होणारं प्रभावी द्रव्य रक्तात कमी होतं, असं नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलंय. भाजीतल्या हळदीला कुणाची हरकत नाही. प्रश्न अर्काचा आहे.

बाटली घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. ते ओरडले नाहीत. कॅप्सूलच्या पाकिटावरचं सगळं केसपेपरवर उतरवून घेतलं आणि दोन्ही बंद करायला सांगितलं. तीन आठवड्यांत एसजीपीटी खाली आलं, केमो पुन्हा सुरू झाली. काढ्यामुळेच वाढलं होतं, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण डॉक्टरांना काढा माहीतच नसल्यानं ते इतके दिवस भलतीकडे शोधत राहिले.

वन्संना मी मुद्दाम बोलावून घेतलं. "मीच वहिनीला त्रास दिला का?" म्हणून त्या रडायला लागल्या. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतंच; त्यांना वहिनीसाठी काहीतरी करायचं होतं. आता त्या केमोच्या दिवशी मुगाची मऊ खिचडी घेऊन येतात. वैद्यांकडून काही नवं घ्यायचं मनात आलं, तर आधी पाकिटाचा फोटो मला पाठवतात आणि मी तो डॉक्टरांना दाखवते. परवा आवळ्याच्या रसाचा आला होता.