डावा इंडिकेटर दिला की टेल लाइट का लुकलुकते, आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर का विझतो?

फ्यूज शाबूत, बल्ब नवे, तरीही डावा इंडिकेटर दिला की त्याच बाजूची टेल लाइट लुकलुकते आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर जवळजवळ विझतो, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) किंवा स्विच बदलायच्या भानगडीत पडू नका. मागच्या डाव्या दिव्याला अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी करंटची परतीची वाट, मिळत नाहीये, निदान पुरेशी मिळत नाहीये.

दिव्यांच्या वायरिंगमध्ये पॉझिटिव्हची बाजू प्रत्येकाची वेगळी असते. ब्रेक लाइटचा फ्यूज आणि पेडलवरचा स्विच वेगळा, इंडिकेटरचा फ्लॅशर वेगळा, टेल लाइटची लाइन वेगळी. परतीची वाट मात्र सगळ्यांची एकच. मागच्या दिव्यातले सगळे होल्डर एका पत्र्याच्या पट्टीला जोडलेले असतात, त्या पट्टीतून एकच वायर (बहुतेक वेळा काळी किंवा तपकिरी) कपलरमधून (वायर जोडायच्या प्लगमधून) बाहेर पडते आणि एका थिंबलने (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीने) बॉडीला बोल्ट केलेली असते. तिथून पुढे बॉडीच बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची वायर. म्हणून ही एक जागा गंजली की तिन्ही दिवे एकदम बिघडतात, आणि तेही चमत्कारिक पद्धतीने.

ती वायर पूर्ण तुटली आहे असं धरा आणि फक्त डावा इंडिकेटर द्या. करंट इंडिकेटरच्या 21 वॅटच्या फिलामेंटमधून पट्टीवर येतो, पुढे वाट नाही. मग तो शेजारच्या ब्रेक लाइटच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरवरून उजवीकडे जातो आणि उजव्या ब्रेक लाइटमधून तिकडच्या धडधाकट अर्थला पोचतो. तीन सारखी फिलामेंट एकामागे एक, म्हणजे 12 व्होल्टमधले प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे चार-चार. सगळी मिणमिणतात. तसाच दुसरा फाटा टेल लाइटच्या 5 वॅटच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन नंबर प्लेटचा दिवा आणि पुढच्या पार्किंग लाइटमार्गे अर्थला पोचतो. 5 वॅटच्या फिलामेंटचा रोध जास्त, त्यामुळे त्या फाट्यातले बरेचसे व्होल्ट तेच खातं आणि नीट पेटतं. तुम्हाला दिसते ती लुकलुक हीच. आता ब्रेक दाबा. ब्रेकच्या वायरवरही 12 व्होल्ट आले, पट्टीचं व्होल्टेज वर चढलं आणि इंडिकेटरच्या दोन्ही टोकांत फरकच उरला नाही. तो विझणारच. फ्यूज उडत नाही, कारण या बिघाडात करंट वाढत नाही, उलट कमी होतो.

प्रत्यक्षात वायर पूर्ण तुटलेली क्वचितच असते. गंजामुळे जोडात एखादा ओहम रोध आला तरी पुरे. एक 21 वॅटचा बल्ब 1.75 अँपिअर घेतो, ब्रेक आणि इंडिकेटर मिळून 3.5. एका ओहममध्ये तीन व्होल्टच्या आसपास वाया गेले. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. 10 टक्के व्होल्टेज घटलं तर उजेड साधारण 30 टक्के कमी होतो.

तपासताना बहुतेक लोक एकाच जागी फसतात. बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टीमीटर लावतात, 12 व्होल्ट दिसतात आणि वायरिंग ठीक असल्याचा निर्वाळा देतात. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडावरही व्होल्टेज पडत नाही. मोजायचं ते बल्ब जागेवर असताना, दिवे पेटवून.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. टेल लाइट, इंडिकेटर चालू करा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. लाल प्रोब दिव्याच्या आतल्या अर्थ पट्टीवर आणि काळा, लांब वायर जोडून, बॅटरीच्या निगेटिव्हवर. 0.1 ते 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की अर्थ खराब. मग लाल प्रोब एकेक पायरी पुढे सरकवा: कपलरची पिन, थिंबल, बोल्टचं डोकं, शेजारचा रंग खरवडलेला पत्रा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम खाली येतो, दोष त्या दोघांच्या मध्ये. घाईत असाल तर पट्टीपासून बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला एक जादा वायर लावून पाहा; दिवे लगेच सुधारले तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

दुरुस्ती साधी आहे. बोल्ट काढा, थिंबल आणि पत्रा दोन्ही चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी रंग किंवा जेली आणि मग बोल्ट, असं नको. कपलरमधली पिन काळी पडली असेल किंवा प्लॅस्टिक वितळलं असेल तर घासून उपयोग नाही, पिनच बदला. दिवे डिकीच्या दरवाजावर असतील तर बिजागरापाशी रबरी नळीत वाकून वाकून वायर तुटते. बाहेरचं प्लॅस्टिक अखंड आणि आत तांबं तुटलेलं असतं, हलकेच ओढलं की रबरासारखं ताणलं जातं.

अर्थ चोख निघाली तरच बल्बकडे वळा. टेल आणि ब्रेकचा एकत्र बल्ब (21/5 वॅट) दोन फिलामेंटचा असतो आणि त्याच्या बाजूच्या दोन खिळ्या मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. एक फिलामेंटचा बल्ब जोर लावून तिथे कोंबला की त्याचा तळ दोन्ही संपर्क एकत्र करतो आणि ब्रेक दाबल्यावर टेलची सगळी लाइन पेटते, अगदी डॅशबोर्डच्या दिव्यांसकट.

हेडलाइटमध्ये हाच खेळ मोठ्या करंटवर चालतो. 55 वॅटचे दोन दिवे मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, म्हणून बऱ्याच गाड्यांत स्विच फक्त रिलेची (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणाऱ्या स्विचची) कॉइल (पिन 85 आणि 86) चालवतो आणि खरा करंट पिन 30 वरून 87 वर जातो. एच4 बल्बची (अपर आणि डिपर अशी दोन फिलामेंट असलेल्या हेडलाइट बल्बची) अर्थ गेली तर डिपर लावल्यावर त्या बाजूची दोन्ही फिलामेंट मंद पेटतात आणि अपरचा निळा दिवाही पुसटसा दिसतो. मात्र काही जपानी गाड्यांत एच4 च्या सामाईक पिनवर पॉझिटिव्ह असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे मोजण्याआधी वायरिंग डायग्राम बघा, नाहीतर चांगल्या वायरवर संशय घ्याल.

इंडिकेटर भरभर लुकलुकत असेल तर फ्लॅशरला करंट कमी दिसतोय: बल्ब गेलेला, अर्थ कमजोर, किंवा कुणीतरी एलईडी बसवलेला. सामान्य वेग मिनिटाला 60 ते 120. एलईडी बसवल्यावर कमी पडलेला करंट भरून काढायला लोक 6 ओहम, 50 वॅटचा रेझिस्टर लावतात. तो भाजण्याइतका तापतो, तेव्हा तो प्लॅस्टिकवर नाही, पत्र्यावरच स्क्रू करा.