सिंगल-फिन की ट्विन, जुना की नवा: आधी सर्फबोर्ड कुठून वळतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ७२ किलो, गोवा आणि कर्नाटकातलं मुल्की मिळून दोन हंगाम फोमच्या सर्फबोर्डवर झालेत, न फुटलेल्या लाटेवर तिरकं जाता येतं, वळणं आत्ता कुठे जमायला लागली आहेत. पुण्यात एका घरी परदेशातून आणलेला सत्तरच्या दशकातला सात फुटी सिंगल-फिन (शेपटीखाली एकच फिन, म्हणजे पातं, असलेला) पिनटेल, म्हणजे निमुळत्या शेपटीचा बोर्ड, विकायला आहे. तो घ्यावा, नवा सात फुटी मिड-लेंग्थ (मध्यम लांबीचा) सिंगल-फिन घ्यावा, की ५ फूट १० इंची ट्विन-फिन (दोन फिनांचा) फिश, म्हणजे आखूड, रुंद बोर्ड?

निकाल आधी सांगतो. आत्ता नवा मिड-लेंग्थ घ्या. जुना पिनटेल आतून कोरडा निघाला आणि भाव रास्त असला तर तोही सोडू नका, पण एकुलता एक बोर्ड म्हणून नको. फिशला अजून एक हंगाम जाऊ द्या.

फिन एक की दोन यावरून बोर्ड निवडायला गेलं की हमखास घोळ होतो. बघायचं ते हे, की बोर्ड वळतो कुठून. जुना सिंगल-फिन मधल्या रेलवरून, म्हणजे मधल्या भागातल्या कडेवरून, वळतो. पुढच्या गुडघ्यावर वजन द्यायचं, लाटेकडे झुकायचं, रेल पाण्यात बसवायची आणि बोर्ड आपली कमान पुरी करेपर्यंत थांबायचं. मागच्या पायाने शेपूट ढकलायला गेलात तर तो अडून बसतो, नाहीतर फिन सुटते आणि बोर्ड एकदम आडवा होतो. आजचे बहुतेक बोर्ड मात्र मागच्या पायाखालून वळतात. ट्विनमध्येही हेच दोन तट आहेत. लांब बुडाच्या किल फिनवाला फिश रेलवरून, मोठ्या कमानीत वळतो. सर्फर मार्क रिचर्ड्स यांच्या धाटणीचा उभ्या फिनांचा ट्विन मागच्या पायावर गर्रकन फिरतो. म्हणजे किल फिश आणि जुना सिंगल-फिन ही खरी भावंडं. दोन फिन असूनही रिचर्ड्सचा ट्विन त्या घरातला नाही.

हे असं का झालं ते कळायला थोडा इतिहास लागतो. बोर्डला पहिली फिन लावली टॉम ब्लेक यांनी, १९३५ साली. त्यानंतर चाळीसेक वर्षं सिंगल-फिनचंच राज्य होतं. १९६७ च्या सुमारास बोर्ड झपाट्याने आखूड झाले आणि सत्तरच्या दशकात हवाईच्या उभ्या, पोकळ लाटांसाठी निमुळत्या शेपटीचे पिनटेल घडू लागले. सर्फर जेरी लोपेझ यांनी १९७२ आणि १९७३ साली हवाईतल्या पाइपलाइन या लाटेवरची स्पर्धा जिंकली ती याच घराण्यातल्या बोर्डांवर. १९६७ मध्येच सॅन डिएगोत स्टीव्ह लिस यांनी गुडघ्यावर बसून चालवायचा आखूड, रुंद, दुभंगलेल्या शेपटीचा बोर्ड केला. तोच आजच्या किल फिशचा पूर्वज. ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्स यांनी १९७६ साली रेनो अबेलिरा यांचा छोटा ट्विन-फिन पाहिला, मग स्वतःची आवृत्ती घडवली आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार विश्वविजेतेपदं मिळवली. मोठ्या लाटेत ट्विनचं शेपूट निसटतं, या वैतागातून सायमन अँडरसन यांनी तीन सारख्या फिनांचा थ्रस्टर केला. १९८१ साली त्यांनी ऑस्ट्रेलियातली बेल्स बीचची स्पर्धा त्यावर जिंकली आणि सिंगल-फिन, ट्विन दोन्ही मागे पडले. आज ते परत आलेत ते नव्या तळाचे, नव्या रेलचे. नाव जुनं असलं तरी बोर्ड तो नव्हे.

आता पाण्याखाली काय घडतं ते. सिंगल-फिन मध्यरेषेवर असते. बोर्ड रेलवर कलला की ती पाण्यातून थोडी वर येते, म्हणून तिला खोली लागते: सात फुटी बोर्डला ८ ते ८.५ इंच. सरळ जाताना तीच शेपटीला धरून ठेवते, आणि जुन्या सिंगलचं ते शांत, ठाम चालणं त्यातूनच येतं. ट्विनच्या फिन रेलजवळ असतात. बोर्ड कलला की लाटेकडची फिन खोल जाते, दुसरी जवळजवळ मोकळी होते. मध्ये धरणारं कोणी नसल्यामुळे ओढ कमी, वेग जास्त, पण सरळ चालताना शेपूट सैल. त्यातून दोन्ही फिन पुढच्या टोकाला किंचित आत वळवलेल्या असतात, म्हणून वजन या पायावरून त्या पायावर गेलं की बोर्ड लगेच दिशा बदलतो. वळणं आत्ता शिकणाऱ्याला हा चटकनपणा सुरुवातीला घातकच ठरतो. लाटेच्या तळाशी वळताना मागचा पाय जोरात रेटला की शेपूट घसरतं, आणि माणूस पुढच्या वेळी वळायलाच बिचकतो.

किल फिनचं बूड साधारण ९ इंच आणि खोली ५ ते ५.५ इंच. रिचर्ड्स धाटणीच्या फिनची खोली तेवढीच, पण बूड जेमतेम ५ इंचांच्या आसपास आणि कल बाहेर जास्त. फोटोवरून ओळखायचं तर एवढं पुरे.

आपल्या किनाऱ्याचा मुद्दा यात सगळ्यात वजनदार आहे. गोवा काय, मुल्की काय, हंगामात शिकाऊ माणसाला मिळणारी लाट बहुतेकदा कमरेएवढी, मऊ आणि वाळूवर फुटणारी. पिनटेलची शेपटी निमुळती असते ती उभ्या लाटेत पकड राहावी म्हणून. मऊ लाटेत मागच्या पायाखाली क्षेत्रफळच नसल्यामुळे ती बुडते, बोर्ड उचलला जात नाही आणि तुम्हाला वाटतं आपलंच चुकतंय. रुंद शेपटीचा फिश इथे सरस. नव्या मिड-लेंग्थची शेपटीही बहुधा गोल आणि भरलेली असते. जुन्याची एक जमेची बाजू मात्र खरी आहे: वजन. वाऱ्याने पाणी खडबडीत झालं की हलका बोर्ड थडथड उडतो, जुना जड बोर्ड त्यातून रेटून जातो. सकाळी दहानंतर वारा सुटला की हा फरक पायाला लगेच कळतो.

जुन्या बोर्डवर लिटर, म्हणजे बोर्डचं आकारमान, लिहिलेले नसतात. मापावरून अंदाज काढा: लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००, गुणिले ०.५४. तुम्ही दिलेल्या पिनटेलच्या मापाचा हिशेब: ७ फूट म्हणजे २१३, २०.५ इंच म्हणजे ५२, ३ इंच म्हणजे ७.६. उत्तर साधारण ४५ लिटर. ७२ किलोच्या, दोन हंगाम झालेल्या माणसाला ४४ ते ४८ लिटर योग्य, म्हणजे आकड्यात हा बोर्ड बसतो. ५ फूट १० इंची फिश ३६ ते ३८ लिटरच्या आसपास निघेल. तो उभं राहिल्यावर पळेल, पण पोहत लाट पकडताना दम काढेल. फक्त आकड्यावर मात्र जाऊ नका. अनेक जुन्या बोर्डांची जाडी रेलपर्यंत पोचलेली असते, आणि अशी जाड रेल पाण्यात बसवायला जोर लागतो. हातात धरून रेल चिमटीत घ्या: नव्या बोर्डची कड बोटांत निमुळती लागते, जुन्याची मुठीत येते.

विकणाऱ्याकडे जाल तेव्हा सोबत सामान तोलायचा हुकाचा काटा, बॅटरी आणि पातळ कापड न्या. बोर्ड दोन गाद्यांवर आधी उपडा, मग उताणा ठेवा आणि बोटाच्या पेराने स्ट्रिंगरच्या (मधोमध जाणाऱ्या लाकडी पट्टीच्या) दोन्ही बाजूंनी ठोकत जा. निरोगी ठिकाणी टणक, आखूड ‘टक’ येतो. वरचं फायबरचं कवच आतल्या फोमपासून सुटलेलं असेल तिथे आवाज भदभदीत होतो आणि अंगठ्याने दाबलं की कातडं आत जाऊन परत येतं. डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूवर, जिथे छाती आणि मागचा पाय पडतो तिथे हे जास्त सापडतं. तळहाताएवढा एखादा फुगा दुरुस्त होतो. अर्धा डेक सुटलेला असेल तर तो बोर्ड भिंतीवर शोभेल.

पिवळेपणाला घाबरू नका, उन्हाने पॉलियुरेथेन पिवळं पडतंच. तपकिरी डाग आणि त्याभोवती ओलसर कडा दिसली तर पाणी शिरलंय. खात्री करायची रीत सोपी आहे: बोर्ड तोला, भेगा उघड्या ठेवून भेगेची बाजू खाली करून सावलीत आठवडाभर ठेवा, परत तोला. शे-दोनशे ग्रॅम उतरले तर आत पाणी होतं. काटा स्थिर होईपर्यंत भेग बुजवायची नाही. ओल आत कोंडली की उन्हात तिची वाफ होते आणि चांगलं असलेलं फायबरही सोडवते.

मग फिन. टोक धरून हलकेच आडवं रेटा आणि बुडाशी बॅटरी मारा. केसासारखी पांढरी रेष उघडमीट करत असेल तर जोड गेला. फिन कायमची चिकटवलेली असेल तर ती मागेपुढे करता येणार नाही, आणि पुण्याहून दर वेळी गाडीच्या टपावरून किंवा बसच्या डिकीतून न्यायची म्हणजे एक दिवस मोडणारच. बॉक्स (फिन बसवायची खाच) असेल तर तो कुठला ते विचारा. साठच्या दशकातला टॉम मोरी यांचा वेव्ह-सेट किंवा त्या काळचे दुसरे प्रकार असतील तर आजची फिन त्यात बसत नाही आणि सुटे भाग मिळणं मुश्कील. आजचा लांब खाचेचा अमेरिकी बॉक्स असेल तर अर्धं काम झालं.

नवा मिड-लेंग्थ घेताना हाच लांब बॉक्स आणि दोन्ही बाजूंना छोट्या फिनचे बॉक्स, असा घ्या. सुरुवातीला मध्ये ७ इंची आणि बाजूला दोन छोट्या. वळताना शेपूट सुटत नाही असा भरवसा आला की बाजूच्या काढा आणि ८ किंवा ८.५ इंची एकटी लावा. फिन आधी बॉक्सच्या मध्यावर बसवा. बोर्ड ताठ वाटला तर अर्धा इंच पुढे, शेपूट पळतं वाटलं तर अर्धा इंच मागे. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही, आणि एकाच दिवसात दोनदा बदलू नका, नाहीतर लाट बदलली की फिन, हे कळत नाही. खाचेत सरकणारी ती बारीक पट्टी आणि स्क्रू जास्तीचे ठेवा. ते वाळूत पडले की सापडत नाहीत. वेग आला की फिन गुणगुणायला लागली तर मागच्या धारेवर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचे दोन-चार हात मारा.

दुरुस्तीचं सामान पुण्यात मिळतं. भोसरी-पिंपरी पट्ट्यात एफआरपीची (फायबरग्लासची) कामं करणारे बरेच आहेत, पॉलिश पेपर आणि मास्किंग टेप बोहरी आळीत. चटईसारखं तंतूंचं मॅट घेऊ नका, विणलेलं साधारण २०० ग्रॅमचं ग्लास कापड मागा. १०० ग्रॅम पॉलिएस्टर रेझिनला मे महिन्यात १ ग्रॅम हार्डनर पुरे, डिसेंबरात दीड ते दोन. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट व्हायला चालना देणारं द्रव्य) आधीच आहे का ते दुकानदाराला विचारा. नसेल तर कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र कधीही नाही, भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालूनच. आणखी एक: नवा बोर्ड थर्माकोलच्या गाभ्याचा, इपॉक्सीचा असेल तर पॉलिएस्टर त्याला खाऊन पोकळी करतं. भेगेत साबुदाण्यासारखे दाणे दिसले की थर्माकोल समजा आणि फक्त इपॉक्सी वापरा. इपॉक्सी दोन्हींवर चालतं.

समुद्रापेक्षा पुण्याचा उन्हाळा बोर्डला जास्त छळतो. पश्चिमेची गॅलरी नको, पत्र्याखालचा माळा नको. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत बोर्ड ठेवून साताऱ्याजवळ जेवायला थांबलात तर तासाभरात फायबर फुगू शकतं, आणि थर्माकोलवाल्याला हा धोका आणखी जास्त. टपावर नेताना चंदेरी कव्हर घाला, डेक खाली, फिन पुढे आणि वर. पट्टा हाताने आवळून जेवढा बसतो तेवढाच. क्लॅम्पवाल्या पट्ट्याने ओढलं की जुनी रेल चिरते.

लीशचं, म्हणजे पायाला बोर्ड जोडणाऱ्या दोराचं, राहिलं. सत्तरच्या सुरुवातीच्या बऱ्याच बोर्डांना लीशची जागाच नसते, काहींच्या फिनमध्ये भोक पाडलेलं असतं. त्या भोकात लीश बांधली तर ओढ आली की दोरी शेपटीची कड चिरत आत जाते. ग्लासच्या धाग्यांचा छोटा फास डेकवर, स्ट्रिंगरवर चिकटवून घ्या, लीश अडकवायची बारीक दोरी शेपटीच्या कडेपर्यंत पोचणार नाही एवढी आखूड ठेवा आणि कडेवर लीशची रुंद पट्टीच येईल असं बघा. लीश सात फुटी, जाड. गर्दीत जड जुना बोर्ड सुटला तर लागतो तो शेजारच्या माणसाला.