वाचकांचे प्रश्न : टॉयलेट कोणाचं, दार कसलं

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की ऑफिस, मॉल, कॉलेज अशा ठिकाणी बायकांचं आणि पुरुषांचं टॉयलेट वेगळं असावं की सगळ्यांना मिळून एकच, आणि मी 'दोन्ही हवीत' एवढंच लिहून पुढच्या प्रश्नाकडे गेले होते. त्यावर इतकी पत्रं आली, काही रागाने लिहिलेली, काही वाचून झोप उडावी अशी, की यावेळचं सगळं सदर मी यालाच दिलंय.

ताई, मी बाणेरला एका आयटी कंपनीत आहे. आमच्या मजल्यावर लेडीज आणि जेन्ट्स अशी दोन टॉयलेट्स होती. दोन महिन्यांपूर्वी लेडीजची पाटी काढून तिथे 'सर्वांसाठी' अशी पाटी लावली, जेन्ट्स तसंच ठेवलं. आत काहीच बदललं नाही, तीच पातळ पार्टिशनं, खालून वरून उघडी. पाळी असली की मी आता दोन मजले खाली जाते. मीटिंगमध्ये बोलले तर एक सहकारी म्हणाला, किती मागासलेले विचार आहेत तुझे. माझं खरंच चुकतंय का?
– वाचक, कोथरूड

नाही, तुमचं काहीही चुकत नाहीये. आधी साधा हिशोब करू. पूर्वी पुरुषांना एक आणि बायकांना एक होतं, आता पुरुषांना दोन झाली आणि बायकांना एकातलं अर्धं राहिलं. म्हणजे सगळ्यांना सामावून घेतोय असं सांगून प्रत्यक्षात बायकांच्या सीट्स काढून घेतल्या, आणि ज्यांच्यासाठी हे केलं असं म्हणतात त्या ट्रान्स व्यक्तींना (म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची ओळख वेगळी आहे त्यांना) तरी त्या फटीफटीच्या पार्टिशनमागे काय बरं वाटणार आहे?

बायकांना मुळात सीट्स जास्त लागतात हे कितीतरी इंजिनिअर मंडळींना अजून सांगावं लागतं. साडी, सलवार, लेगिंग सावरायची, पॅड बदलायचा, बरोबर लहान मूल असलं तर त्यालाही न्यायचं, यात पुरुषापेक्षा दीडपट-दुप्पट वेळ सहज जातो, आणि एका सीटच्या जागेत पुरुषांच्या दोन मुताऱ्या बसतात, म्हणून दोघांना सारखी जागा दिली तरी रांग बायकांचीच लागते. स्वच्छ भारत मिशनच्या सामुदायिक शौचालयांच्या निकषातसुद्धा ३५ पुरुषांमागे एक सीट आणि २५ बायकांमागे एक सीट असं धरलंय. न्यूयॉर्क शहराने तर २००५ साली कायदाच केला की थिएटर, बार, स्टेडियम अशा नव्या जागांमध्ये बायकांसाठी दुप्पट सोय पाहिजे.

आणि वेगळं टॉयलेट ही काही जुन्या लोकांची लाज म्हणून आलेली गोष्ट आहे असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा की अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८७ मध्ये कामाच्या ठिकाणी बायकांसाठी वेगळ्या टॉयलेटची सक्ती केली आणि आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १९ मध्येही ती होती. त्या काळच्या कायद्यांमध्ये बाई नाजूक असते वगैरे समजुती होत्याच, ते मी नाकारत नाही, पण आत जायला सुरक्षित जागा नसेल तर बाई दिवसभर कामावर थांबू शकत नाही हेही तितकंच खरं होतं आणि आजही आहे.

एचआरला लेखी द्या. लेडीज जसं होतं तसं परत द्या, आणि 'सर्वांसाठी' हवं असेल तर वेगळी पूर्ण खोली बांधा, म्हणजे भिंती जमिनीपासून छतापर्यंत, दार पूर्ण उंचीचं, आतच बेसिन, आतच झाकणाचा डबा, आत माणूस असला की बाहेर लाल दिसेल अशी कडी, आणि मुख्य म्हणजे दार सरळ वर्दळीच्या पॅसेजमध्ये उघडणारं. दाराबाहेर आणखी एक बंद जागा, तिथे सगळे मिळून हात धुतायत, असं नको. बाईला आतल्या सीटपेक्षा त्या बंद जागेचीच भीती जास्त वाटते. फटीतून मोबाइल धरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पण कलम लागतं ते सगळं घडून गेल्यावर, फट बुजवली तर घडायचंच नाही.

मी ट्रान्सवूमन आहे. लक्ष्मी रोडला खरेदीला यायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही. जेन्ट्समध्ये गेले की घाणेरडं बोलतात, एकदा एकाने बाहेरून कडी घातली, अर्धा तास आत होते. लेडीजमध्ये गेले तर केअरटेकर मावशी म्हणतात इकडे नाही, तुमचं वेगळं बघा. ते वेगळं आहे कुठे? तुम्ही दोन्ही हवीत म्हणता, मी कुठे जाऊ?
– एक वाचक, पुणे

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दोन्ही हवीत असं लिहिताना तुम्ही आज, या बाजाराच्या दिवशी कुठे जाणार याचा विचार मी केला नव्हता, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

सरळ उत्तर असं की तुम्ही लेडीजमध्ये जा. माझं मत म्हणून नाही सांगत, स्वच्छ भारत मिशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच म्हटलंय की तृतीयपंथी व्यक्तींना सार्वजनिक आणि सामुदायिक शौचालयात पुरुषांचं किंवा स्त्रियांचं, त्यांच्या पसंतीचं वापरू द्यावं. तो कागद मराठीत छापून प्रत्येक केअरटेकरच्या टेबलामागे चिकटवला पाहिजे, कारण त्या मावशींना हे कुणी सांगितलेलंच नसतं, त्या बिचाऱ्या बारा तास तिथे बसतात आणि उद्या कुणी तक्रार केली तर नोकरी त्यांचीच जाते.

'तुमचं वेगळं' हे कुठून आलं तेही सांगते. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा अधिकार मान्य केला आणि त्याच निकालात त्यांच्यासाठी वेगळी सार्वजनिक टॉयलेट्स बांधायलाही सांगितलं. पुढे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा आला. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशातल्या सगळ्या कोर्टांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी अशा सगळ्यांसाठी सोय करा असा आदेश दिला आणि टॉयलेट हा मूलभूत मानवी हक्क आहे असं स्पष्ट म्हटलं. हे सगळं मोलाचं आहे. पण फक्त तृतीयपंथीयांसाठी अशी पाटी असलेल्या एकाच दाराबद्दल मला शंका वाटते, कारण त्या दारातून आत जाणं म्हणजे अख्ख्या चौकाला स्वतःबद्दल सांगणं, आणि ज्यांनी घरीसुद्धा अजून सांगितलेलं नाही त्यांनी काय करायचं? शिवाय असं एकच दार असलं की बाकी सगळीकडून हाकलायला निमित्त मिळतं, आणि त्या एका दाराला कुलूप असलं की झालं. त्यापेक्षा कुणीही वापरू शकेल अशा एक-एक माणसाच्या बंद खोल्या प्रत्येक ठिकाणी असल्या तर तुम्ही आत गेलात काय, एखादे आजोबा गेले काय, बघणाऱ्याला काही कळायचं कारण नाही. तोपर्यंत मात्र लेडीज.

सदाशिव पेठेतल्या एका ताईंनी याच्या अगदी उलट लिहिलंय, की उद्या कुठलाही पुरुष मी बाई आहे म्हणून आत शिरेल. ताई, तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, आपण प्रत्येकीने गर्दीत कधी ना कधी काहीतरी सोसलेलं असतं. पण त्रास द्यायला येणारा माणूस पाटी वाचून थांबत नाही, तो अंधार बघतो, तुटलेली कडी बघतो, केअरटेकर जागेवर नाही हे बघतो. तुमचं भांडण त्या कडीशी आणि त्या दिव्याशी असू दे, मी तुमच्या बरोबर आहे. आणि ज्या बाईला बाहेरून कडी घालून अर्धा तास कोंडलं तिचं पत्र वरच छापलंय, ते एकदा परत वाचाल का?

परदेशात तर सगळीकडे कॉमन टॉयलेट्स असतात, मग आपल्याकडेच एवढी चर्चा का?
– वाचक, औंध

सगळीकडे नसतात. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या ऑफिस, दुकानं वगैरे इमारतींना स्त्री-पुरुष वेगळी टॉयलेट्स द्यावी लागतात आणि जागा असेल तर त्याशिवाय एकेकट्या बंद खोल्याही, फक्त कॉमन ठेवायला परवानगी आहे ती जागाच नसेल तेव्हा. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने समानता कायद्यातला 'सेक्स' म्हणजे जैविक लिंग असा निकाल दिला आणि त्यावरून तिथे अजून मोठा वाद चालू आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने २०१६ मध्ये सरकारी इमारतींत जन्मदाखल्यावरच्या लिंगाप्रमाणेच टॉयलेट वापरायची सक्ती केली, केवढा गदारोळ झाला, २०१७ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. टोकियोत काबुकिचो भागात २०२३ मध्ये एक नवा टॉवर उघडला, तिथे सगळ्यांसाठी मिळून टॉयलेट केलं होतं, बायकांनी तक्रारी केल्या आणि काही महिन्यांत ते बदलून वेगळं करावं लागलं.

पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण आपलंच वाटतं. पुणे-मुंबई गाडीत आपण सगळे डब्याच्या टोकाचं तेच टॉयलेट वापरतो, बायका, पुरुष, टाळ्या वाजवत डब्यात येणाऱ्या तृतीयपंथी, सगळे, आणि त्यावरून कधी कुणी वाद घातला नाही. कारण तिथे एका वेळी एकच माणूस, भक्कम लोखंडी दार, आतून कडी, आणि दार उघडलं की समोर माणसं. तक्रार असते ती ओल्या जमिनीची आणि वासाची, आणि तीही काही छोटी नाही हो, कॉमन म्हटलं की बायका पहिल्यांदा तेच विचारतात की स्वच्छ कोण ठेवणार, म्हणून सफाईचा माणूस आणि पाणी यांचा खर्च आधी धरा आणि मग कॉमन म्हणा.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिची आई नाही. एसटी स्टँडवर, मॉलमध्ये तिला कुठे न्यायचं? जेन्ट्समध्ये नेववत नाही, लेडीजमध्ये मला जाता येत नाही, तिला एकटीला सोडवत नाही.
– एक बाबा, सिंहगड रोड

दिव्यांगांसाठीची मोठी खोली असेल तर तिथे न्या, तिथे तुम्ही दोघं मावता, फक्त व्हीलचेअरवरचं कुणी थांबलं असेल तर त्यांना आधी जाऊ द्या. नसेल तर लेडीजच्या दाराशी उभं राहून केअरटेकर मावशींना किंवा रांगेतल्या एखाद्या बाईला सांगा, सहसा कुणी नाही म्हणत नाही, आणि लेकीला सांगून ठेवा की आतून बोलत राहा. तुमच्यासारखंच एका वाचकाने लिहिलंय, त्यांच्या आईला पार्किन्सन्स आहे, तिला धरून बसवावं लागतं, पंचाहत्तर वर्षांच्या बाईला घेऊन मुलाने जायचं कुठे? सगळ्यांसाठीची खोली म्हटलं की लोकांना फक्त ट्रान्स व्यक्तीच डोळ्यासमोर येतात, पण ती तुमची आणि त्या आजींचीही आहे. फक्त ती बायकांच्या वाट्यातून कापून काढू नका, एवढंच माझं म्हणणं. या शहरात बायकांचा वाटा आधीच भांडून मिळवावा लागलाय, पुण्याच्याच 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाला हायकोर्टात जनहित याचिका करावी लागली, तेव्हा २०१५ मध्ये महापालिकांना बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी ठोस योजना करायचे आदेश निघाले, आणि २०१६ पासून पीएमपीच्या जुन्या बसगाड्यांमध्ये 'ती' टॉयलेट्स उभी राहिली तेव्हा कितीतरी जणींना रस्त्यावर पहिल्यांदा निर्धास्त जाता आलं.

आमचं मंडळ यंदा विसर्जनाच्या रात्रीसाठी दहा मोबाइल टॉयलेट्स भाड्याने घेतंय. निम्मी-निम्मी वाटायची की सगळी कॉमन ठेवायची, यावर कार्यकर्त्यांत दोन गट पडलेत. तुम्ही सांगाल तसं करू.
– कार्यकर्ता, नारायण पेठ

दादा, ही केबिन्स मुळातच एक-एक माणसाची बंद खोली असते, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. माझं ऐकाल तर सहा फक्त बायकांसाठी ठेवा आणि ट्रान्सवूमनही तिथेच जातील हे स्वयंसेवकांना आधी सांगून ठेवा. तीन सगळ्यांसाठी. उरलेल्या एकाच्या जागी व्हीलचेअर जाईल असं मोठं केबिन मिळतंय का बघा, आत व्हीलचेअर वळायला साधारण दीड मीटर लागतं आणि चढायला पायरी नको, उतार हवा. पुरुषांसाठी मुताऱ्यांचा वेगळा स्टँड भाड्याने मिळतो तो घ्या, म्हणजे त्यांची रांग या दहांवर येणारच नाही. बायकांची सहा मांडवाच्या मागच्या बोळात नको, पुढे, दिव्याखाली, पण ढोल-ताशा पथक थांबतं त्या जागेपासून थोडी लांब. तिथे पाळीपाळीने दोन मुली बसवा, त्यांच्याकडे पॅड आणि जुने पेपर ठेवा, आणि प्रत्येक केबिनची कडी तुम्ही स्वतः आत जाऊन लावून बघा, भाड्याच्या केबिनची कडी नीट लागेलच असं नसतं. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, तर पाण्याचा टँकर आणि मैला उपसणारी गाडी रात्री दोन वाजता परत यायला हवी हे आत्ताच ठरवून पैसे देऊन ठेवा, त्या गर्दीत मग कुणी फोन उचलत नाही. झाल्यावर कसं झालं ते कळवा, पुढच्या अंकात छापते.