वाचक विचारतात : न रागावणारे आईवडील

प्रश्न : भाचीच्या आग्रहावरून मी ‘गॉन होम’ हा व्हिडिओ गेम शेवटपर्यंत खेळले. शाळकरी सॅमचे लॉनी नावाच्या मुलीवर प्रेम असते. ती ते घरी सांगते आणि अखेर घर सोडून जाते. आईवडील तिला मारत नाहीत की हाकलून देत नाहीत, मग ती जाते का? त्यांचा समेट का दाखवला नाही? आपल्यासारखी घरे अशा गेममध्ये असतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आईवडिलांना आपण खलनायक ठरवले नाही, हे बरे झाले, कारण 2013 साली अमेरिकेतील पोर्टलंडच्या ‘फुलब्राइट’ या छोट्या चमूने केलेल्या या गेममध्ये ते तसे नाहीतच. सॅमने सांगितल्यावर ते आरडाओरडा करत नाहीत. हे तात्पुरते आहे, योग्य मुलगा अजून भेटला नसेल, असे म्हणून ते विषय मिटवतात आणि लॉनी आली की खोलीचे दार उघडे ठेवण्याची अट घालतात. सॅमने मनाची तयारी केलेली असते ती रागाची, रडारडीची; आपल्या बोलण्यावर विश्वासच ठेवला जाणार नाही, हे तिच्या ध्यानीमनी नसते. रागावलेल्या माणसाशी निदान भांडता येते. ‘वय आहे, होईल सगळे ठीक’ असे म्हणून पाठीवरून हात फिरवणाऱ्याशी कसे भांडायचे, हा प्रश्न आपल्याकडच्या अनेक मुलामुलींनाही नवा नसावा.

मात्र सारा दोष आईवडिलांच्या माथी मारणेही बरोबर नाही. कथा 1995 सालची, ओरेगन राज्यातली आहे. लॉनी सैन्यात भरती होणार असते, आणि समलिंगी सैनिकाने आपली ओळख लपवली तरच त्याला नोकरीत राहता येईल, असे तेव्हाचे सरकारी धोरण होते. ते 2011 मध्ये रद्द झाले. प्रशिक्षणाला निघालेली लॉनी वाटेत सेलम येथे बसमधून उतरते, सॅमला फोन करते आणि सॅम तिला गाठायला निघते. घरावर सूड उगवण्यासाठी ती गेलेली नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. हा शेवट मला पूर्ण सुखाचा मात्र वाटत नाही, कारण दोघींचे पुढचे काहीच ठरलेले नसते.

समेट न दाखवण्याचे कारण, माझ्या मते, आपण खेळताना कोणाच्या भूमिकेत असतो यात आहे. युरोपातून रात्री परतलेली थोरली बहीण केटी रिकाम्या घरात खोल्या धुंडाळते, खण उघडते, चिठ्ठ्या वाचते. आईवडील तेव्हा स्वतःचाच विस्कटलेला संसार सावरण्यासाठी समुपदेशन शिबिराला गेलेले असतात. सॅमने डायरी लिहिली आहे ती या बहिणीला उद्देशून. त्यामुळे घरच्यांनी स्वीकारण्याची गोष्ट आईवडिलांच्या एखाद्या नाट्यमय प्रवेशातून नव्हे, तर केटीच्या, म्हणजे आपल्याच, वाचण्यातून घडते. एक जागा आपल्याला आठवत असेल : लॉनीसोबतच्या रात्रीविषयी सॅमने लिहिलेला कागद हाती येतो, आणि आतापर्यंत सगळ्या घराचे कागद बिनदिक्कत वाचणारी केटी चार ओळींत तो स्वतःहून खाली ठेवते. खेळणाऱ्याला पुढे वाचायचे असले, तरी ती वाचू देत नाही. धाकट्या बहिणीचे प्रेम तिने इतर कोणाच्याही प्रेमासारखेच खाजगी मानले, आणि समेटाच्या दहा प्रसंगांहून मला हे मोलाचे वाटते.

आपल्यासारख्या घरांविषयी म्हणाल, तर ब्रियाना लेई यांचा 2017 सालचा ‘बटरफ्लाय सूप’ अवश्य पाहा. कॅलिफोर्नियातील बेसबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलींची ही गोष्ट असून, तिच्यातील लाजाळू दिया भारतीय वंशाची, तर तिच्या प्रेमात असलेली मिन कोरियन वंशाची आहे. त्यात खेळण्यापेक्षा वाचणेच अधिक आहे आणि विनोद अमेरिकन शाळांतले आहेत, म्हणून भाचीला शेजारी बसवून घ्यावे.